आधी मीटर बॉक्स, मग गाडी

विजेवरची मोटार घ्यायचं ठरलं की बुकिंगच्या कागदावर एक रकाना येतो आणि बहुतेक घरं तिथे अडखळतात. पंधरा अँपियरच्या साध्या प्लगवर चालणारी केबल पुरेल, की भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्यावा, की आणखी पैसे टाकून ११ किलोवॉटचा? रंग आणि मॉडेल घरातले चार जण मिळून ठरवतात. चार्जर मात्र बऱ्याचदा विक्रेत्याच्या एका वाक्यावर ठरतो: मोठाच घ्या, पुढे उपयोगी पडेल. फरक किरकोळ नसतो. टाटांनी सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही आणली तेव्हा तिच्या वरच्या मॉडेलात ३.३ आणि ७.२ किलोवॉट असे दोन पर्याय होते आणि किमतीत ५० हजारांचं अंतर होतं. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या मोठ्या गाड्यांची किंमत चार्जर वगळून सांगितली. त्यांच्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरला ५० हजार आणि ११.२ किलोवॉटच्या चार्जरला ७५ हजार रुपये वेगळे होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या बहुतेक कुटुंबांनी हे पैसे मोठ्या चार्जरवर घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते वायर, अर्थिंग आणि पार्किंगच्या परवानगीवर खर्च व्हायला हवेत. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे भिंतीवर लागणारा तो डबा बॅटरी चार्ज करतच नाही. घरात येते ती एसी वीज, बॅटरीत साठते ती डीसी. एसीची डीसी करणारं यंत्र गाडीच्या आतच बसवलेलं असतं, त्याला ऑन-बोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा गाडीशी दोन शब्द बोलतो, अर्थिंग तपासतो, किती करंट घ्यायचा ते सांगतो आणि आतला स्विच चालू करतो. म्हणजे वेग ठरतो तो गाडीच्या पोटातल्या यंत्रावर. गाडीत ३.३ किलोवॉटचं यंत्र असेल तर भिंतीवर ७.२ चा डबा लावा की ११ चा, गाडी ३.३ च्याच वेगाने वीज घेणार. २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट घ्या: १७.३ युनिटची छोटी बॅटरी आणि सुरुवातीच्या गाड्यांत ३.३ किलोवॉटचं यंत्र. अशा गाडीसाठी मोठा डबा लावणं म्हणजे निव्वळ भिंतीची सजावट. ११ किलोवॉटची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याला थ्री-फेज वीज लागते आणि गाडीतलं यंत्रही थ्री-फेजचं असावं लागतं. घरात सिंगल-फेज मीटर असेल तर तो पर्याय तिथेच संपतो.

रस्त्यावरचे वेगवान चार्जर याहून निराळे. तिथे एसीची डीसी बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होते आणि ती थेट बॅटरीत जाते. म्हणून ३० किंवा ६० किलोवॉटचा वेग शक्य होतो. गाडीच्या चार्जिंगच्या झाकणाखाली वरच्या बाजूला सात भोकांचं टाइप-टू असतं, ते एसीसाठी. खाली दोन जाड पिना असतात त्या डीसीसाठी. दोन्ही मिळून सीसीएस-टू. भारतात आता विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारींना हेच असतं. काही स्वस्त मॉडेलांत खालच्या दोन पिना नसतात किंवा त्यांचे वेगळे पैसे पडतात. बुकिंगच्या वेळी झाकण उघडून बघावं.

आता गाडी रोज किती धावणार हा प्रश्न. या तीन गावांचं उत्तर मुंबईहून किंवा पुण्याहून वेगळं आहे आणि त्याचं कारण रेल्वे. मुंबईत विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली आणि त्या दशकाच्या अखेरीस कल्याणच्या पुढे घाटापर्यंत आणि पुण्याकडे विजेच्या तारा पोचल्या. आज या गावांचा कामावर जाण्याचा खरा मार्ग लोकलच आहे. बदलापूरहून सीएसएमटी रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. हे अंतर रोज मोटारीने कापणारा माणूस विरळा. घरची मोटार सकाळी स्टेशनपर्यंत जाते, मुलांना क्लासला सोडते, संध्याकाळी बाजारात जाते, रविवारी कुणाकडे तरी जाते, आणि उरलेला वेळ इमारतीखाली उभी असते. दिवसाचे पंधरा-वीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

लहान गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. वीस किलोमीटरला तीन युनिट. टियागोच्या २४ युनिटच्या बॅटरीला पंधरा अँपियरच्या प्लगवर १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत यायला कंपनीच्या आकड्यानुसार ८.७ तास लागतात, म्हणजे तासाला अडीच युनिटच्या आसपास. तीन युनिट भरायला सव्वा तास. रात्रीच्या जेवणाआधी प्लग लावला तर भांडी घासून होईपर्यंत दिवसाची भरपाई झालेली असते. समजा कुणी रोज बदलापूरहून ठाण्याला मोटारीने जातो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, बारा युनिट, पाच तास. अंधेरीपर्यंत रोज जाणाऱ्यालाही वीसेक युनिट लागतील; आठ तास. रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढली की झालं. इमारतीवरच्या टाकीत नगरपालिकेचं पाणी बारीक नळाने रात्रभर येतं आणि सकाळी सगळ्या मजल्यांना पुरतं, तसंच हे. मोठा नळ त्यालाच हवा ज्याची टाकी दिवसातून दोनदा रिकामी होते.

असे लोक आहेत. टॅक्सी चालवणारे, ज्यांची गाडी दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही करते. तळोजा, भिवंडी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात माल आणि माणसं घेऊन दिवसभर फिरणारे व्यापारी. दिवसभर रुग्णांच्या घरी जाणारे डॉक्टर, ज्यांना दुपारच्या दोन तासांत बऱ्यापैकी चार्ज हवा असतो. आणि ५९ किंवा ७९ युनिटची मोठी बॅटरी घेतलेले, कारण साध्या प्लगवर ५९ युनिट भरायला चोवीस तास जातील. यांनी ७.२ चा चार्जर जरूर घ्यावा. पण मोठ्या बॅटरीच्या मालकानेही स्वतःला विचारावं की ती रोज रिकामी होणार आहे का. रोज तीस किलोमीटर चालणारी मोठी गाडी रोज पाच युनिटच खाते. बॅटरी मोठी आहे म्हणून तिची रोजची भूक वाढत नाही.

आता इमारतीखाली येऊ. या भागातल्या जुन्या चार मजली इमारतींत मीटर बहुतेक वेळा तळमजल्यावर, जिन्याखाली किंवा प्रवेशापाशी एका फळीवर रांगेत लावलेले असतात. चार्जिंगच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून वायर खाली आणायची गरज नाही. आपल्या मीटरच्या पुढे स्वतंत्र एमसीबी लावून तिथूनच पार्किंगपर्यंत लाइन नेता येते. घरातल्या वायरिंगवर भार येत नाही आणि युनिट आपल्याच मीटरमध्ये मोजले जातात. म्हणून गाडी बघायला जाण्यापूर्वी एक काम करावं. मीटर बॉक्सपासून आपल्या पार्किंगच्या जागेपर्यंत वायर प्रत्यक्ष ज्या वाटेने जाईल ती वाट, म्हणजे भिंत, बीम, वळणं धरून, टेपने मोजावी. हे अंतर सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि शोरूमच्या कुठल्याही माहितीपत्रकात ते नसतं.

अंतर का महत्त्वाचं? घरात पंधरा अँपियरच्या प्लगला साधारण अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. गीझर त्यावर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी त्याच वायरमधून पंधरा अँपियर सलग आठ तास ओढते. वाट चाळीस मीटरची असेल तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांबं होतं, त्याचा रोध अर्ध्या ओहमच्या थोडा वर. पंधरा अँपियरला त्यात सुमारे नऊ व्होल्ट पडतात आणि १३० वॉटच्या आसपास वीज नुसती वायर तापवण्यात जाते. आठ तासांत एक युनिट. रोज रात्री. तीच वाट चार चौरस मिलिमीटरच्या वायरने केली तर पडझड साडेपाच व्होल्टवर येते. ७.२ किलोवॉटचा चार्जर बत्तीस अँपियर ओढतो. त्याला चाळीस मीटरवर सहा चौरस मिलिमीटरची वायरही आठ व्होल्ट घालवते, तिथे दहाची हवी. तांबं महाग आहे. चार्जरसोबत येणाऱ्या बसवणीत ठरावीक मीटरांपर्यंतचीच वायर धरलेली असते, पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे. पार्किंग दुसऱ्या विंगच्या मागे असेल तर वायरचा खर्च चार्जरच्या जवळ जाऊ शकतो. ही बेरीज बुकिंगच्या आधी झाली पाहिजे.

ज्या पट्ट्यात संध्याकाळी आधीच व्होल्टेज उतरतं, तिथे ही नऊ व्होल्टची पडझड जास्त जाणवते. व्होल्टेज फार खाली गेलं तर गाडी चार्जिंग थांबवते, आणि सकाळी आठ वाजता स्टेशनला निघताना कळतं की काटा रात्री होता तिथेच आहे.

वायरइतकंच अर्थिंग. घरगुती उपकरणांपैकी बरीचशी अर्थिंगशिवायही मुकाट चालतात, त्यामुळे जुन्या इमारतींत अर्थिंग आहे की नाही हे कुणी वर्षानुवर्षं तपासलेलंच नसतं. गाडीची केबल मात्र तपासते. अर्थिंग नीट नसेल तर तिच्यावरचा लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. पुष्कळ लोकांना वाटतं की गाडीत बिघाड आहे. खरं तर गाडीने आपल्याला वाचवलेलं असतं: धातूचं मोठं शरीर, रबरी टायरवर उभं, ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस दाराला हात लावतोय, अशा वेळी गळती झालेली वीज जमिनीत जायला वाट हवीच. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगावं. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. इमारतीचा जुना अर्थिंगचा खड्डा गंजलेला असेल तर नवीन घ्यावा. या भागात मुरूम आणि काळा खडक वर लागतो, उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो. जुलैत व्यवस्थित चालणारं चार्जिंग मे महिन्यात रुसण्याचं एक कारण हे आहे, आणि उपाय म्हणजे खड्डा पुरेसा खोल घेणं आणि त्यात ओल टिकवणं. अर्थिंगला फाटा देऊन केबलला फसवणारे जुगाड बाजारात मिळतात. ते कुणी फुकट देऊ केले तरी लावू नयेत.

तिसरी गोष्ट सॉकेट. स्वयंपाकघरात असतो तसा साधा पंधरा अँपियरचा सॉकेट रोज तासन् तास पूर्ण करंटवर चालवला की त्याचा स्क्रू सैल होतो, सैल जागी ठिणगी आणि उष्णता वाढते, आणि काही महिन्यांनी प्लास्टिक पिवळं, मग काळं पडतं. याला औद्योगिक वापराचा झाकणाचा सॉकेट लावावा. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना लागतात म्हणून तो प्रकार इथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत अनोळखी नाही. त्याच्या मागे त्या लाइनसाठी वेगळा एमसीबी आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करू नये, एक रात्रसुद्धा.

माझ्या मते या चार वस्तू, म्हणजे योग्य जाडीची वायर, चांगलं अर्थिंग, मजबूत सॉकेट आणि आरसीसीबी, यांच्यावर मन लावून पैसे खर्च केले तर दहातल्या आठ घरांना गाडीसोबत मिळणारी साधी केबल पुरते. आणि एक दूरदृष्टीही ठेवावी: आज ३.३ किलोवॉटवर चालवायचं असलं तरी वायर बत्तीस अँपियरला झेपेल अशीच टाकावी. पाच-सात वर्षांनी दुसरी गाडी येईल, तेव्हा फक्त भिंतीवरचा डबा बदलायचा राहील. बीम पुन्हा फोडावी लागणार नाही.

७.२ चा चार्जर घ्यायचाच असेल तर आधी विजेचं बिल काढून त्यावरचा ‘मंजूर भार’ बघावा. जुन्या घरांचा तो अनेकदा एक-दोन किलोवॉट असतो. त्यावर बत्तीस अँपियरची गाडी, एसी आणि गीझर एकाच वेळी चालवणं शक्य नाही. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागेल, लायसनधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल, आणि थ्री-फेज घेतलं तर बिलातला ‘स्थिर आकार’ दर महिन्याला वाढेल, गाडी चालो वा न चालो. हा खर्च कुणी सांगत नाही.

बिलाचा विषय निघालाच आहे तर टप्प्यांचं गणित करू. स्वतःची गाडी स्वतःच्या घरच्या जोडणीवर चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे आणि वीज घरगुती दरानेच मोजली जाते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. महिन्याला ६०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला वाटेतली तूट धरून शंभर युनिट लागतात. घराचा वापर दीडशेचा असेल तर बेरीज अडीचशे, दुसऱ्या टप्प्यातच राहिलो. घरात दोन एसी आहेत आणि वापर आधीच २८० चा आहे, तर गाडीचे जवळपास सगळे युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात पडतील, आणि त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क आहेच. अशा घराने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याचा विचार करावा. वीजवाहन चार्जिंगची वर्गवारी वेगळी आहे आणि तिच्या दराला हे टप्पे नाहीत. मात्र तिचा स्वतःचा स्थिर आकार असतो, म्हणून महिन्याला पन्नास-साठ युनिटसाठी ती परवडत नाही. आपली मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून, विशेषतः एप्रिल-मेची, कागदावर आकडेमोड करावी.

यात एक नवी भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये महावितरणने टीओडी (वापराची वेळही नोंदवणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत सुरू केली. सूर्यप्रकाशाची वीज दिवसा मुबलक असते, ती वापरली जावी हा हेतू. मुंबईत मोटारीने ऑफिसला जाणाऱ्याला या सवलतीचा उपयोग नाही, त्याची गाडी दिवसा दुसरीकडे असते. पण ज्या घरचा माणूस सकाळच्या लोकलने जातो आणि गाडी दिवसभर इमारतीखाली उभी राहते, त्याला ही सवलत अगदी सोयीची आहे. पुष्कळ गाड्यांच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येते, दहा वाजता आपोआप सुरू होईल अशी. दिवसा सव्वा तास पुरतो हे आपण पाहिलंच. आपल्याकडे असा मीटर लागला आहे का आणि बिलावर ती सवलत दिसते का, तेवढं तपासावं.

एवढं सगळं जमलं तरी गाडी अडते ती परवानगीपाशी. इथे गावागावांत फरक आहे. बदलापुरात गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या संकुलांत स्टिल्टची पार्किंग असते, सोसायटी नोंदलेली असते, कमिटी असते. तिथे अर्ज देऊन काम होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं की स्टिल्टची पार्किंग बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. म्हणून तुम्ही बिल्डरला पार्किंगचे पैसे दिले असले तरी तिथे वायर आणि चार्जर लावायला सोसायटीची लेखी संमती हवी. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग बदलणारी सोसायटी असेल तर भिंतीवर ठोकलेला चार्जर पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या गाडीसमोर असेल. अशा ठिकाणी सुटी केबल आणि सॉकेट हाच शहाणा पर्याय, किंवा वीजगाड्यांच्या जागा कायम ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आधी करून घ्यावा.

कमिटीची शंका बहुतेक वेळा आगीची आणि भाराची असते, आणि ती ऐकून घेण्यासारखी असते. वीस घरांनी ७.२ चे चार्जर लावले आणि रात्री दहाला सगळे सुरू केले तर १४४ किलोवॉट झाले. परिसराची डीपी २०० केव्हीएची असेल तर उरलेल्या इमारतींनी काय करायचं? तेच वीस जण ३.३ वर राहिले तर ६६. कमी वेगाचा आग्रह धरण्यामागे माझं हेही एक कारण आहे. आज पहिली गाडी घेणारा माणूस सोसायटीत जो पायंडा पाडेल, तोच पुढचे वीस जण गिरवतील. दोन-तीन सामाईक चार्जर सोसायटीच्या मीटरवर लावून सभासदांकडून युनिटप्रमाणे पैसे घेणं हा आणखी एक मार्ग. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच सांगितल्यामुळे त्याला वीज वितरणाचा परवाना लागत नाही.

उल्हासनगरची गोष्ट अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं आणि पाच कॅम्पांतल्या त्या बराकींवर पुढे घरं, दुकानं, कारखाने, इमारती चढत गेल्या. मोटार उभी करायला जागा कुणाच्या आराखड्यात नव्हतीच. बांधकामांचा गुंता इतका की ती नियमित करण्यासाठी विधिमंडळाला २००६ मध्ये या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. आजही अनेक इमारतींखाली पार्किंग नाही, काही ठिकाणी नोंदणीकृत सोसायटी नाही, मग ना-हरकत पत्र द्यायचं कुणी? गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. अशा कुटुंबाने घरचा चार्जर विकतच घेऊ नये, आणि दुसऱ्या मजल्यावरून फुटपाथवर वायर सोडण्याचा विचार मनात आणू नये. त्यांच्यासाठी दोन वाटा उरतात. दुकान किंवा कारखाना स्वतःचा असेल आणि गाडी दिवसभर तिथे उभी राहत असेल तर सॉकेट तिथे लावावा. दर व्यापारी पडेल, पण जागा पक्की असेल. नाहीतर सार्वजनिक डीसी चार्जरवर आठवड्यातून एकदा भरायची सवय. ती घरच्या दराच्या दुप्पट-अडीचपटीला पडते आणि वर १८ टक्के जीएसटी. अशा घरांनी गाडी निवडताना ऑन-बोर्ड चार्जरकडे बघूच नये. डीसीवर गाडी किती किलोवॉट घेते आणि १० ते ८० टक्के व्हायला किती मिनिटं लागतात, हे विचारावं. आणि पहिल्याच आठवड्यात चार्जर चालू असतो का, रांग असते का, रात्री जागा उघडी असते का, हे स्वतः जाऊन बघावं, नकाशावरच्या हिरव्या टिंबावर विसंबू नये.

लांबच्या प्रवासाची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. बदलापूरहून कर्जत, खोपोलीमार्गे पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर. बोरघाटात खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. दीड टन गाडी तेवढी उचलायला सव्वादोन युनिट लागतात, तूट धरून तीन. परतताना त्यातला बराचसा भाग उतारावर बॅटरीत परत येतो. म्हणजे घाट चढणं वीस-पंचवीस किलोमीटर जास्त चालवण्याइतकं. द्रुतगती मार्गावर फूड मॉलपाशी डीसी चार्जर आहेत, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाने त्या मार्गावर वीजमोटारींना टोलमाफीही दिली आहे. प्रश्न येतो तो मुरबाडच्या पुढे किंवा कोकणात गावच्या घरी गेल्यावर. तिथे भिंतीवरचा महागडा चार्जर उपयोगाचा नाही, तिथे डिकीतली साधी पंधरा अँपियरची केबलच कामाला येते. म्हणून ७.२ चा चार्जर घेणाऱ्यांनीही सुटी केबल सोडून देऊ नये. ती मिळत नसेल तर वेगळी विकत घ्यावी. गावच्या घरी एकदा अर्थिंग करून घ्यावं. तिथलं अर्थिंग बहुधा नुसतं नावाला असतं.

पाऊस हा इथला सगळ्यात गंभीर मुद्दा. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या पुराच्या दोन तारखा बदलापुरात कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या वेळी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. बदलापूर पश्चिमेचा हेंद्रेपाडा, रमेशवाडी हा नदीकडचा भाग, तसंच अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठचे सखल भाग, इथल्या घरांनी सॉकेटची उंची कंपनीच्या बसवणाऱ्याच्या सोयीने ठरवू नये. भिंतीवर जुन्या पुराची खूण असेल किंवा शेजाऱ्यांना आठवत असेल, त्याच्या वर सॉकेट आणि एमसीबी हवा. हाताला पोचेल इतक्या उंचीवर ते शक्य नसेल तर स्विच पहिल्या मजल्याच्या जिन्यात घ्यावा, म्हणजे खाली पाणी चढत असताना लाइन वरूनच बंद करता येईल. पावसात गाडी चार्ज करणं सुरक्षित आहे; पिना आणि केबल त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. पण पार्किंगमध्ये पाणी साठायला लागलं की चार्जिंग बंद करून गाडी उंचावर न्यावी, आणि पाण्यात बुडालेली गाडी सेवा केंद्राने तपासल्याशिवाय पुन्हा प्लगला लावू नये. जून ते सप्टेंबर या काळात बॅटरी नेहमीपेक्षा थोडी वरच ठेवावी, कारण वीज जाते तेव्हा कधीकधी दिवसभर जाते.

ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे, बदलापुरात असे बंगले आणि रो-हाउस अजून बरेच आहेत, त्यांनी चार्जर आणि सौरऊर्जा यांचा विचार एकत्रच करावा. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, महिन्याला एकशेवीस. गाडीला लागतात त्याहून थोडे जास्तच. पावसाळ्यात ते निम्म्यावर येईल, पण नेट मीटरमुळे वर्षाचा हिशेब जुळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार अनुदान आहे. त्याच योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात आणि त्या सामाईक सोयींत वीजगाड्यांचं चार्जिंग स्पष्टपणे धरलेलं आहे. गच्चीवर पत्रे टाकून मोकळी पडलेली जागा कितीतरी सोसायट्यांकडे आहे. पहिली गाडी घेणाऱ्याने चार्जरच्या परवानगीच्या अर्जाबरोबर हा प्रस्तावही सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. कमिटीला नुसतं ‘एकाच्या गाडीसाठी’ काही करायचं नसतं. सगळ्यांचं लिफ्टचं आणि पंपाचं बिल कमी होणार असेल तर तीच माणसं वेगळ्या कानांनी ऐकतात.

कामांचा क्रमही त्याप्रमाणे लावावा. भारवाढ, सोसायटीचा ठराव आणि अर्थिंग या तिन्हींना वेळ लागतो, आणि गाडी बहुधा त्याआधीच येते. म्हणून टेप घेऊन मीटर बॉक्सपाशी जाणं, वायरमनकडून न्यूट्रल-अर्थचं व्होल्टेज मोजून घेणं आणि सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन पोच घेणं ही कामं बुकिंगची रक्कम भरण्याआधी व्हावीत. चार्जर न घेतल्यास त्याचे पैसे किमतीतून वजा होतात का, हे विक्रेत्याला लेखी विचारावं. काही कंपन्या ही वजावट मागितल्यावरच देतात.